खोक्यावरचे आकडे आणि मामींचा कॅमेरा

नागपुरात बर्डीवरच्या दुकानात मामी काउंटरला कोपरं टेकवून उभ्या होत्या आणि दुकानदार खोक्यावरचे आकडे एकेक करून वाचत होता. २० मेगापिक्सेल. ८ एक्स झूम. तीन इंची स्क्रीन. दर आकड्याला मामी माझ्याकडे बघत आणि मी मान डोलावत होतो, कारण आकडे सगळे खरे होते. शेवटी त्यांनी सरळच विचारलं, "पण फोटो चांगले येतात का?" दुकानदार म्हणाला, "काकू, २० मेगापिक्सेल आहे ना!"

मामींनी महाल भागातल्या एका शाळेत ३० वर्षं गणित शिकवलं आहे. दुकानाच्या पायऱ्या उतरताना म्हणाल्या, "म्हणजे पोराला विचारावं गणित आलं का, तर तो सांगतो वही २०० पानी आहे."

त्या दिवशी आम्ही हात हलवत परत आलो. मग मी दोन मित्रांकडून दोन कॅमेरे मागून आणले. एक त्या दुकानातल्यासारखाच, छोटा आणि स्वस्त. दुसरा जुना, पण मोठ्या सेन्सरचा, म्हणजे आतली उजेड झेलणारी पाटी मोठी असलेला. आठवडाभर दोन्ही मामींच्या घरी रोजच्या कामाला जुंपले. बंद खोक्यावरून जे कळलं नव्हतं ते त्या आठवड्यात कळलं.

मामांचा प्रश्न

मामांचं पहिल्या दिवसापासून एकच म्हणणं होतं. "घरात चार फोन हायेत, हे पाचवं डबडं कायले पाहिजे?" प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून कॅमेरा घेणारा माणूस सहा महिन्यांत तो कपाटात टाकतो.

हा प्रश्न सगळ्या जगानं विचारला आणि त्याचं उत्तर फोनच्या बाजूनं दिलं. कॅमेरा बनवणाऱ्यांच्या 'सीपा' या जपानी संघटनेच्या नोंदींत २०१० साली जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून निघाले होते. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्या आत आला, आणि त्यात खिशात मावणारे, लेन्स न निघणारे कॅमेरे २० लाखसुद्धा नव्हते. कारण उघड आहे. फोन बटण दाबल्यावर एक फोटो काढत नाही, एका पाठोपाठ अनेक काढतो आणि ते एकमेकांवर बसवून अंधार, हललेपण, दाणेदारपणा पुसून टाकतो. स्वस्त कॅमेरा बिचारा एक फोटो काढतो आणि जे आलं ते देतो. म्हणून संध्याकाळी घरात काढलेला फोनचा फोटो छोट्या कॅमेऱ्याच्या फोटोपेक्षा बहुतेक वेळा बरा दिसतो. हे दुकानात कोणी सांगत नाही.

तेव्हा "कॅमेरा चांगला आहे का" हा प्रश्नच अर्धा आहे. माझ्या रोजच्या कामातलं असं कोणतं काम आहे, जे फोनला जमत नाही आणि याला जमतं? मामींनी तीन कामं सांगितली. माजघरातलं हळदीकुंकू, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत पळणारा नातू, आणि अंबाझरी तलावाच्या काठावरचे पक्षी. शिवाय एक चौथं कारण, जे मला सगळ्यात पटलं: फोटो काढताना कोणाचा फोन येऊ नये.

अडचण अशी, की ही तीन कामं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. अंधारातल्या माजघराला भरपूर उजेड गोळा करणारा कॅमेरा लागतो, आणि पलीकडच्या काठावरच्या पक्ष्याला लांबचा पल्ला लागतो. दोन्ही एकत्र हवं असेल तर कॅमेरा खिशात मावत नाही, गळ्यात अडकवावा लागतो. असं का, हे कळलं की अर्धी खरेदी झाली.

बाजेवरच्या मुंगवड्या

आधी मेगापिक्सेल उरकून टाकू, कारण त्यात फार काही नाही. एक मेगापिक्सेल म्हणजे फोटोतले १० लाख ठिपके. चार बाय सहा इंचाची नेहमीची प्रिंट काढायला इंचाला ३०० ठिपके धरले तरी १२०० गुणिले १८००, म्हणजे २२ लाखांच्या आत काम भागतं. २ मेगापिक्सेल आणि थोडं वर. घरच्या फुल एचडी टीव्हीला २ पुरतात, फोर-के टीव्हीला ८. म्हणजे १२ असले तरी रग्गड झाले. १६ की २० या वादात मी वेळ घालवणार नाही, तुम्हीही घालवू नका.

खरी गोष्ट आहे ती हे ठिपके बसतात त्या पाटीची, म्हणजे सेन्सरची. हे मामींना सांगायला मला उन्हाळ्यातली गच्ची कामी आली. बाजेवर धोतर अंथरून मुंगवड्या घालायच्या आहेत. बाज तेवढीच, ऊनही तेवढंच. आता कोणी म्हणालं की याच बाजेवर दुप्पट मुंगवड्या घाला, तर काय होईल? प्रत्येक वडी लहान होईल आणि प्रत्येकीच्या वाट्याला ऊनही कमी येईल. सेन्सरचं हेच आहे. त्यावरचा प्रत्येक ठिपका आपल्या अंगावर पडलेला उजेड मोजतो. ठिपका बारका असला तर त्याला थोडाच उजेड मिळतो, मग कॅमेरा तो मोजलेला आकडा आतल्या आत वाढवतो, आणि त्याबरोबर मोजणीतली चूकही वाढते. फोटोत अंधाऱ्या जागी रवाळ, रंगीत दाणे दिसतात ती हीच चूक. आयएसओ वाढवणं म्हणतात ते हे वाढवणं.

"मग बाज मोठी घ्यायची," मामी म्हणाल्या. बरोबर. पण कॅमेऱ्यातली बाज केवढी आहे हे खोक्यावर सरळ लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असतं '१/२.३ इंच' किंवा '१ इंच', आणि यात इंचाचा इंचाशी काही संबंध नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची आणि तिचा बाहेरचा व्यास सांगायची रीत होती. चित्र पडायची जागा त्या व्यासाच्या साधारण दोन तृतीयांश. नळ्या गेल्या, रीत राहिली. म्हणून '१ इंची' सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, करंगळीच्या नखाएवढा. आणि १/२.३ इंची असतो सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. गणिताच्या बाईंनी तिथल्या तिथे क्षेत्रफळ काढलं: एक ११६ चौरस मिलिमीटर, दुसरा २८. चौपट. आमच्या दोन कॅमेऱ्यांत हेच दोन सेन्सर होते, दोन्हींवर ठिपके मात्र २० मेगापिक्सेल. महागड्या फोनांत हल्ली १/१.३ इंचाच्या आसपासचा सेन्सर येतो, तो या तुरीच्या दाण्याच्या अडीचपट भरतो. मामांचं म्हणणं इथे आकड्यांनी खरं ठरतं.

दुसरा आकडा लेन्सच्या तोंडावर बारीक अक्षरांत कोरलेला असतो. एफ १.८, एफ ३.२ असा. ही लेन्सची खिडकी किती उघडते त्याचं माप, आणि उलटं चालतं: आकडा लहान तर खिडकी मोठी. शिवाय उजेड आकड्याच्या वर्गानं बदलतो. एफ २.८ वरून एफ ५.६ वर गेलं की आकडा दुप्पट, पण उजेड चौथा हिस्सा. आता झूमवाल्या कॅमेऱ्यावर दोन आकडे असतात, आणि विक्रेता पहिलाच सांगतो. सोनीचा आरएक्स-१०० हा १ इंची कॅमेरा २०१२ साली आला, त्याच्या लेन्सवर लिहिलं होतं १.८ ते ४.९. झूम न करता १.८, पूर्ण झूम केल्यावर ४.९. करून बघा हिशोब: झूम केल्यावर उजेड सातव्या हिश्श्यावर येतो. हा काही त्या कॅमेऱ्याचा दोष नाही, खिशातली लेन्स अशीच असते. त्यातून एवढंच घ्यायचं, की अंधारात झूम करायचा नाही, दोन पावलं पुढे जायचं.

माजघर

संध्याकाळी साडेसातला, एका बल्बच्या उजेडात, मामींनी देवघराजवळच्या खुर्चीत मामांना बसवलं आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढले. झूम न करता, फ्लॅश बंद करून. नंतर फोटो उघडून त्याची माहिती बघितली. प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात ती लपलेली असते: शटर (उजेड आत सोडणारा पडदा) किती वेळ उघडं होतं, आयएसओ किती, खिडकी किती. छोट्या कॅमेऱ्याचं होतं एफ ३.२, आयएसओ १६००, शटर सेकंदाचा १५ वा भाग. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचं एफ १.८, आयएसओ तेवढाच, शटर ५० वा भाग.

१५ वा आणि ५० वा यात फरक काय, तर मामांच्या मिश्या. पहिल्या फोटोत मामा काहीतरी बोलत असल्यामुळे मिश्यांचा एक करडा पट्टा झाला होता. दुसऱ्यात केस न् केस वेगळा. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दोन्ही कॅमेऱ्यांत हात हलण्यावरचा इलाज आहे, त्याला स्टॅबिलायझेशन म्हणतात, आणि दुकानदार तो अभिमानानं सांगतो. पण तो तुमचा हात सांभाळतो. समोरचा माणूस हलला तर त्याला काही करता येत नाही. पळणाऱ्या नातवाला सेकंदाचा २५० वा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो, आणि तो फक्त उजेडातून येतो.

नातवाची परीक्षा दुसऱ्या दिवशी अंगणात घेतली. तान्हा पोळा लांब होता, पण मागच्या वर्षीचा लाकडी नंदी माळ्यावरून काढला आणि त्याला सांगितलं, पळ. मामी बटण दाबायच्या आणि फोटोत नातवाची पाठ यायची. चार वेळा पाठ. पाचव्यांदा रिकामं अंगण. "हा कॅमेरा झोपलेला आहे का?" कॅमेरा झोपलेला नसतो, तो फोकस शोधत असतो. बटण अर्धं दाबून धरायचं. बोटाला एक बारीक अडथळा लागतो, स्क्रीनवर हिरवा चौकोन उमटतो. तिथे थांबायचं. नातू ज्या तुळशीवृंदावनाजवळून जाणार त्याच्यावर आधीच अर्धं बटण धरून ठेवायचं, आणि तो आला की उरलेलं दाबायचं. सहाव्या फोटोत नातू, नंदी, आणि नंदीचं निखळलेलं चाक, सगळं आलं.

दुकानात हीच परीक्षा अर्ध्या मिनिटात होते. कॅमेरा बंद करा, चालू करा, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ऑटोचा फोटो काढा. फोटोत ऑटो असेल तर पुढची बोलणी.

आठ एक्सची गंमत

एक्स म्हणजे भागाकार, दुसरं काही नाही. लेन्सचा पल्ला मिलिमीटरांत सांगतात, त्यातला सगळ्यात लांबचा आकडा भागिले सगळ्यात जवळचा. २८ ते २२४ मिलिमीटर म्हणजे ८ एक्स. २४ ते १९२ म्हणजेही ८ एक्स. पहिला थोडा लांबचं बघतो, दुसरा थोडं रुंद. महालातल्या जुन्या वाड्याच्या खोलीत पाठीला भिंत लागलेली असताना बारा बायका एका फोटोत घ्यायच्या असतील तर २४ आणि २८ यातला फरक दोन बायकांचा असतो. (कडेला कोणाला बसवायचं हेही बघा, रुंद लेन्स कडेचे चेहरे ताणते. कडेला बसलेली वहिनी महिनाभर बोलत नाही.) डिजिटल झूम मात्र पूर्ण विसरा. तो नुसता फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करतो, ते आपण घरी निवांत करू शकतो.

कापण्यावरून आठवलं. अंबाझरीला आम्ही सकाळी सातला गेलो आणि पाण्यातल्या एका वाळक्या फांदीवर पंख पसरून बसलेला पाणकावळा दिसला. छोट्या कॅमेऱ्यानं त्याला २२४ पर्यंत जवळ आणलं. मोठ्या सेन्सरचा १०० लाच थांबला. मामींचं मन छोट्याकडे झुकलं, माझंही झुकलं असतं. पण घरी येऊन मोठ्या सेन्सरच्या फोटोतला पाणकावळ्यापुरता तुकडा कापला. १०० चं २२४ करायला सव्वादोनपट कापावं लागतं, क्षेत्रफळात पाचपट. २० मेगापिक्सेलचे उरले ४. आणि ४ मेगापिक्सेल म्हणजे चार बाय सहाच्या प्रिंटला लागतात त्याच्या जवळजवळ दुप्पट. सेन्सरचा जो तुकडा वापरला गेला तोही २३ चौरस मिलिमीटर, छोट्या कॅमेऱ्याच्या अख्ख्या सेन्सरला टेकणारा. दोन्ही प्रिंट शेजारी ठेवल्या तर कोणती कशातली हे मामींना सांगता आलं नाही.

म्हणजे ज्या ८ एक्ससाठी आपण छोटा सेन्सर पत्करतो, तो फायदा प्रिंटवर दिसतच नाही. मला तरी आठवडाभरात कळलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट.

३० किंवा ४० एक्सची गोष्ट वेगळी. कॅननचा २०१८ सालचा एसएक्स-७४० आहे, २४ ते ९६० मिलिमीटर. ९६० पर्यंतचा पल्ला १ इंची फोटो कापून भरून काढता येणार नाही. पण तिथे खिडकी एफ ६.९ वर येते, सेन्सर तोच तुरीचा दाणा, आणि ९६० ला धरलेला कॅमेरा श्वासानंही हलतो. सकाळच्या स्वच्छ उन्हात, कठड्यावर टेकवून, तो सुंदर काम करतो. एप्रिलच्या दुपारी पाण्यावरची हवाच थरथरत असते, तेव्हा कितीही महागाची लेन्स आणा, पक्षी पाण्याखालून काढल्यासारखा येतो. ज्याला गोरेवाड्याला पक्षी टिपायला दर रविवारी जायचं आहे त्यानं हा घ्यावा. ज्याला महिन्यातून एकदा जायचं आहे त्यानं का घ्यावा?

पांढरा घुमट, काळी मारबत

दीक्षाभूमीचा पांढराशुभ्र घुमट सकाळच्या उन्हात डोळे दिपवतो. छोट्या कॅमेऱ्याच्या फोटोत तो धुतलेल्या पण नीळ न दिलेल्या धोतरासारखा आला. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यातही तसाच. इथे सेन्सरचा संबंध नाही, कॅमेऱ्याच्या समजुतीचा आहे. उजेड मोजणारा भाग असं धरून चालतो, की समोरचं जग सरासरीनं मध्यम करडं आहे. पांढरं जास्त दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो फोटो अंधारा करतो. काळं जास्त दिसलं की उलट. मारबतीच्या मिरवणुकीत काळी मारबत, म्हणजे तो भलामोठा काळा पुतळा, चौकटभर आली की फोटोत ती राखाडी होते आणि मागचं आकाश फटफटीत पांढरं.

इलाज सोपा आहे. अधिक-उणे चिन्ह असलेलं एक बटण किंवा चाक असतं, त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. पांढऱ्यासाठी अधिक १, काळ्यासाठी उणे १. अधिक १ म्हणजे उजेड दुप्पट. कॅमेरा पारखताना मी हे बटण कुठे आहे ते बघतो. अंगठ्याखाली असेल तर माणूस वापरतो. मेनूच्या चौथ्या पानावर असेल तर कोणी वापरत नाही, आणि मग त्या घरातले सगळे लग्नाचे शालू मळकट येतात.

रंगाची परीक्षा नागपुरात फुकट आहे. एक संत्रं घ्या. एकदा उन्हात, एकदा ट्यूबलाइटखाली, एकदा पिवळ्या बल्बखाली त्याचा फोटो काढा, शेजारी कोणाचा तरी हात ठेवून. आपल्याला संत्र्याचा रंग डोळे मिटूनही माहीत असतो, त्यामुळे चूक लगेच पकडली जाते. मामींच्या स्वयंपाकघरात अर्धा उजेड खिडकीतून आणि अर्धा बल्बचा, तिथे छोट्या कॅमेऱ्यानं संत्र्याला मोसंबी केलं. मामींचा हातही कावीळ झाल्यासारखा आला. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यातही पिवळी झाक होती, पण व्हाइट बॅलन्स हातानं 'बल्ब'वर लावल्यावर गेली.

फ्लॅशबद्दल दोनच गोष्टी. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाई होतो, त्यामुळे खिशातल्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढे दम टाकतो. वसंतराव देशपांडे सभागृहाच्या मागच्या रांगेतून लोक फ्लॅश मारतात तेव्हा मंचावर काही पोचत नाही, पुढच्या रांगेतली टक्कलं तेवढी उजळतात. दुसरी गोष्ट, फ्लॅश भर दुपारी वापरायचा असतो. डोक्यावर ऊन असताना पदराखाली, टोपीखाली चेहरा काळा पडतो, तो फ्लॅशनं उजळतो. खिशातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं शटर लेन्सच्या आतच असतं, त्यामुळे त्यांना उन्हातही वेगवान शटरसोबत फ्लॅश चालवता येतो. मोठ्या कॅमेऱ्यांना तिथे कसरत करावी लागते. फोनचा तो एलईडी दिवा तर उन्हात दिसतही नाही. मामांना सांगायला हा मुद्दा बरा.

ऊन, धूळ, आणि माझी फजिती

बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर एक ओळ असते: वापरण्याचं तापमान ० ते ४० अंश. नागपूरकरांनी ही ओळ वाचून हसून घ्यावं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या स्कूटरच्या डिक्कीत किती होत असेल ते सांगायला नको. कॅमेरा लगेच बंद पडत नाही, पण बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं उतरतं, आणि फोर-के व्हिडिओ घेत असाल तर तापून तो मधेच थांबतो. डिक्कीत ठेवू नका, कापडी पिशवीत अंगावर ठेवा. त्याच उन्हात स्क्रीनवर आपलाच चेहरा दिसतो, फोटो नाही. डोळा लावून बघायची छोटी खिडकी ज्या कॅमेऱ्याला आहे त्याला मी नागपुरात दहा मार्क जास्त देईन. नसेल तर दुकानाबाहेर उन्हात नेऊन स्क्रीन वाचता येते का ते बघा. दुकानात सगळ्याच स्क्रीन झकास दिसतात.

बॅटरीवर '२५० फोटो' असं लिहिलेलं असतं ते सीपाच्याच नियमानं मोजलेलं: २३ अंशांत, दर ३० सेकंदांनी एक फोटो, एकाआड एक फ्लॅश, दर १० फोटोंनी कॅमेरा बंद-चालू. आपण असे वागत नाही. फ्लॅश कमी असेल तर जास्त निघतात, स्क्रीनवर फोटो दाखवत बसलं तर कमी. दुसरी बॅटरी घ्याच. फोनच्याच चार्जरनं भरता येत असेल तर उत्तम. कार्ड ओळखीच्या दुकानातून, क्लास १० या वेगाचं, आणि पुरतं.

आता जुन्या कॅमेऱ्यांबद्दल. हल्ली कॉलेजची पोरं २००५-१० मधले सीसीडी या जुन्या जातीच्या सेन्सरचे छोटे कॅमेरे शोधत फिरतात, आणि काल भंगारात जाणारी वस्तू आज भाव खाते. त्या फोटोंचा रंग सीसीडीमुळे येतो असं सांगतात. मला त्यात सीसीडीपेक्षा तोंडावर मारलेल्या फ्लॅशचा आणि जुन्या रंगप्रक्रियेचा हात जास्त दिसतो. हौस असेल तर जरूर घ्या, पण बघून घ्या. मी एक असाच जाहिरात बघून घेतला होता. घेतला तेव्हा झकास चालू होता. तिसऱ्या आठवड्यात रामटेकच्या गडावर वाऱ्यात धूळ उडाली, लेन्स बाहेर येताना 'खर्र' झालं आणि ती अर्ध्यावर अडकली ती अडकलीच. दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्यापेक्षा जास्त. पुढेमागे सरकणाऱ्या नळीच्या फटीतून रेती आत जाते, हे मला माहीत होतं. विकत घेताना कानाजवळ धरून दहा वेळा बंद-चालू करायचं, हे सुचलं नव्हतं.

तेवढंच नाही. झूम थोडा वाढवून, अ‍ॅपर्चर (म्हणजे ती लेन्सची खिडकी) बदलता येत असेल तर मोठ्या आकड्यावर नेऊन, कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. फोटोत करडे ठिपके दिसले तर आत सेन्सरवर धूळ आहे. लेन्स निघत नसल्यामुळे ती घरी साफ होत नाही. बॅटरीचं पोट फुगलंय का बघा. लेन्समध्ये तिरका उजेड टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं का बघा, ती बुरशी असते आणि पावसाळ्यात वाढते. आणि २००६ आधीचा असेल तर त्याला २ जीबीवरचं कार्ड बहुधा चालणार नाही, जास्त क्षमतेची एसडीएचसी कार्डं त्या साली आली. तसं लहान कार्ड आधी हातात असू द्या, मग पैसे द्या.

मामींनी शेवटी मित्राचाच तो जुना १ इंची कॅमेरा घेतला. भिंतीचा फोटो, कानाजवळची परीक्षा, संत्रं, सगळं त्यांनी स्वतः केलं आणि मित्राला घाम फोडला. घरी आल्यावर आधी तारीख-वेळ लावून घेतली, नाहीतर सगळे फोटो १ जानेवारीचे निघतात. पक्ष्यांसाठी पुढे वाटलंच तर वेगळा बघू म्हणाल्या, पण ते म्हणताना नजर हिशोबाच्या वहीकडे होती.

परवा गेलो तेव्हा पाणकावळ्याची चार बाय सहाची प्रिंट फ्रीजवर लावलेली होती. मामा चहा घेता घेता तिच्याकडे बघत म्हणाले, "हा फोनातून काढला ना?" मामींनी उत्तर दिलं नाही. प्रिंट काढली, उलटी केली, मागे पेन्सिलनं तारीख लिहिली आणि परत लावली.